शिंजीर आणि काचपंखी : अनंताच्या झाडाखालच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, वाई

या प्रकल्पाला निमित्त झाले दोन व्हिडिओ. पहिला गेल्या ऑक्टोबरातला. नववीतल्या एका मुलीने पाठवला होता आणि खाली एकच ओळ होती, "बाई, आमच्या परसात हमिंगबर्ड!" घाणेरीच्या फुलांसमोर हवेत थांबलेला हिरवट, गुबगुबीत जीव, शेपटाशी काळा झुबका. दुसरा व्हिडिओ काल आला, दुसऱ्याच घरातून, शब्द मात्र तोच. यात जास्वंदीच्या देठाला उलटा लटकलेला काळाभोर, चकाकणारा पक्षी होता.

पहिला पतंग आहे, दुसरा शिंजीर. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत राहतो, त्यामुळे वाईत तो दिसायचा प्रश्नच नाही. मुलांना एवढं सांगून विषय संपवता आला असता. पण चूक करणारी मुलं एकटी नाहीत. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८४८ पासून अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. खरे हमिंगबर्ड त्याच्या रोजच्या पाहण्यातले, तरी हमिंगबर्ड समजून त्याने अनेकदा हॉक मॉथ कुळातल्या पतंगांवर बंदूक चालवली. तिथे त्याची गफलत होत असेल, तर आमच्या नववीला काय बोलायचं!

गंमत अशी की हमिंगबर्ड या नावात दोन तुकडे आहेत, गुणगुणणारा आणि पक्षी. गुणगुणतो तो पतंग, आणि पक्षी आहे शिंजीर. म्हणजे नाव दोघांत अर्धं अर्धं वाटलं गेलंय.

तर ठरलं. एक हंगामभर एकाच परसातल्या या दोघांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं.

२५ फेब्रुवारी

जाती नक्की केल्या. पक्षी : जांभळा शिंजीर, सिनिरिस एशियाटिकस. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर. पतंग : सेफोनोडिस हायलस, हॉक मॉथच्या कुळातला, पंख पारदर्शक, दिवसा उडणारा. पतंगाला लिनियस या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने १७७१ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, पक्ष्याला लॅथम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने १७९० मध्ये. नावाच्या बाबतीत पतंग एकोणीस वर्षांनी थोरला.

मराठी नावाचं मात्र उलट आहे. पक्ष्याला शिंजीर आहे, सूर्यपक्षी आहे. पतंगाचं नाव आमच्या घरात किंवा शाळेत कुणालाच सांगता आलं नाही. ज्या गावात विश्वकोशाचं काम चाललं तिथे राहून ही अवस्था. नुसतं 'पतंग' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे मांजा येतो, मोठ्यांच्या डोळ्यांपुढे दिव्यावर झेप घेणारा कवितेतला पतंग. हा तर भर उन्हात हिंडतो. वहीपुरतं मी त्याला 'काचपंखी' म्हणणार आहे. नाव माझं, जबाबदारीही माझी.

जागा : मागचं अंगण. अनंत, हमेलिया, पेंटास आणि एक्झोरा, चारही झाडं आईंनी (माझ्या सासूबाईंनी) लावलेली. चौघंही कॉफीच्या कुळातली आहेत हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कॉफी कधी लागणार?"

३ मार्च

नराने स्कूटरच्या आरशावर धाव घेतली. समोर दिसणारा दुसरा नर म्हणजे तो स्वतःच, हे त्याला उमगत नाही. सकाळी साडेसातपासून पावणेनऊपर्यंत तो आरशावर चोची मारत होता, मधेच हमेलियावर जाऊन दोन घोट घेऊन परत. आवेशात आला की काखेतला पिवळा-नारिंगी तुरा बाहेर काढतो. एरवी तो तुरा दिसतसुद्धा नाही. आरशावर चोचीचे ओरखडे आणि खाली विष्ठेची रांगोळी.

मी कौतुकाने बघत बसले आणि शाळेला उशीर झाला. संध्याकाळी आईंनी आरशावर माझा जुना पायमोजा चढवला. "त्याचा जीव दमतोय आणि तू लिहीत बसलीयेस," म्हणाल्या.

९ मार्च

मादी घरटं बांधतेय, मागच्या ओसरीतल्या वापरात नसलेल्या वायरीवर. जमिनीपासून माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर, आमच्या येण्याजाण्याच्या वाटेत. काम सगळं तिचं. नर जवळच्या फांदीवर बसून गातो, तिच्या मागे मागे उडतो, पण काडी आणत नाही. आईंचा यावरचा शेरा इथे लिहीत नाही, घरात वाद नको.

१२ मार्च

पहिल्या आठवड्यातल्या भेटींची आकडेवारी रद्द. आमच्याकडे जांभळ्या पाठीचा शिंजीरही येतो आणि दोन्ही जातींच्या माद्या मी एकाच रकान्यात टाकत होते. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा आणि पोट दोन्ही पिवळसर, दुसरीचा गळा राखाडी-पांढरट. फोटो मोठे करून पाहिल्यावर चूक कळली. चार पानं फुली मारून ठेवली आहेत, फाडलेली नाहीत.

१९ मार्च

मादी घरट्यात बसलेली, बाहेर फक्त चोच. घरटं म्हणजे लोंबती पिशवी, बाजूला दार आणि दारावर पागोळीसारखं छप्पर. आत डोकवायचं नाही असं ठरवलंय. अंडी किती ते कळणार नाही, चालेल.

नंतर जोडलेली ओळ : होळीच्या दिवशी (२४ मार्च) गल्लीत धूर आणि ढोल. ती हलली नाही.

८ एप्रिल

गेले पाच दिवस पिल्लांना भरवणं चालू होतं. आज दुपारी भारद्वाज आला. मी शाळेत होते, आईंनी पाहिलं. त्या ओरडल्या, केरसुणी घेऊन धावल्या, तोवर पिशवी मधोमध फाटली होती. संध्याकाळपर्यंत नर-मादी दोघं वायरीभोवती फिरत होती.

उद्या पाडवा. आई म्हणाल्या, भारद्वाज दिसला की शुभ म्हणतात.

१४ एप्रिल

त्याच ओसरीत, हातभर अंतरावर, नवं घरटं सुरू. भारद्वाजासाठी आईंनी ओसरीच्या बाहेरच्या बाजूने जुनी मच्छरदाणी बांधली आणि वर शिंजिराला जाता येईल एवढी फट ठेवली. यामुळे माझ्या नोंदी आता 'नैसर्गिक परिस्थितीतल्या' राहिल्या नाहीत. आईंना ते सांगायचं धाडस झालं नाही.

११ मे

परवापासून भरवणं सुरू झालं. हे नीट लिहायला हवं, कारण मुलांचा आणि माझाही समज होता की शिंजीर मधावर जगतो. मोठे जगतात, बऱ्याच अंशी. पिल्लांच्या चोचीत मात्र मी अर्ध्या तासात जे जाताना पाहिलं ते सगळं मांसाहारी होतं. कोळी, बारीक माशा, आणि दोनदा हिरवी अळी. मधात साखर भरपूर असते, पण अंग धरायला लागणारी प्रथिनं त्यात जवळपास नसतात. ती किडे-कोळ्यांतून येतात.

काचपंखी हाच प्रश्न आयुष्याची फाळणी करून सोडवतो. वाढायचं ते सगळं अळीपणी, पानं खाऊन. पंख फुटल्यावर नुसती साखर आणि उडणं. शिंजिराच्या पिल्लाला वाढवण्यासाठी दोन मोठ्यांना दिवसभर खपावं लागतं. अळीला आईबाप भेटतच नाहीत, आई अंडं ठेवते आणि उडून जाते.

२४ मे

दोन पिल्लं उडाली. सकाळी सव्वासातला पहिलं. दुसरं वायरीवर तासभर बसून राहिलं.

२९ मे

काल रात्रीच्या वळवाने घरटं खाली पडलं. रिकामंच होतं. वर्तमानपत्रावर ठेवून भिंगाखाली पाहिलं. कोळिष्टक (हाच सगळ्याचा डिंक), सालीचे तुकडे, गवताची मुळं, आत शेवरीचा कापूस. आणि बाहेरच्या बाजूला लटकवलेल्या काळपट-तपकिरी गोळ्या. आई म्हणाल्या, "मिरी आहे का ही?"

मिरी नाही, अळ्यांची लीद. शिंजिराच्या घरट्याला असली सजावट असते हे वाचलेलं होतं, हातात पहिल्यांदा आली. लांबून पाहिलं तर घरटं म्हणजे कोळिष्टकात अडकलेला कचरा वाटतो, त्याचं एक कारण या गोळ्या असाव्यात. सहा गोळ्या काडेपेटीत ठेवल्या. पावसाळ्यात अनंतावर काचपंखीच्या अळ्या आल्या की त्यांच्या लिदेशी ताडून बघेन. जुळल्या तर एकाच्या घराला दुसऱ्याच्या विष्ठेचं तोरण, केवढं सुंदर वाक्य होईल!

२२ जून

पाऊस लागून दोन आठवडे झाले. अनंताला नवी लालसर-पोपटी पालवी, आणि कोवळ्या पानांच्या पाठीवर एकेकटी अंडी. पिवळट हिरवी, मोहरीहून लहान. सात मोजली. अंडी घालणारी मादीही दिसली. पानावर ती बसत नाही, पंख फिरते ठेवून पोटाचं टोक क्षणभर टेकवते आणि पुढच्या पानाकडे सरकते.

३० जून

अंडी फुटली. अळी एवढीशी, पण शेपटीचा काटा अंगाच्या मानाने अवाढव्य. चार अळ्या बरणीत घेतल्या, तोंडावर जाळी. तीन झाडावरच ठेवल्या.

आईंशी करार : झाडावर औषध मारायचं नाही, त्या बदल्यात देवाला लागणारी फुलं मी मंडईतून आणायची.

४ जुलै

झाडावरच्या तीनपैकी सर्वांत लहान अळी नाही. सकाळी शिंजिराची मादी अनंतावर फांदी फांदी तपासत होती. तिने अळी उचलताना मी पाहिलं नाही. वहीत 'गायब' एवढंच लिहिते. आई मात्र निकाल देऊन मोकळ्या झाल्या, "मी म्हटलं होतं, औषधाची गरज नाही."

११ जुलै

भूक! बरणीतल्या मोठ्या अळीला मध्यरात्री कोवळं डहाळं दिलं, सकाळी फक्त देठ. अंग हिरवं, बाजूने पांढरी रेघ, श्वसनछिद्रांभोवती रंगीत ठिपके. शांत बसली की पानाची शीर वाटते. झाडावरच्या दोघी कुठे आहेत हे मला दिसत नाही, खाली पडलेल्या लिदेवरून वर बघत शोधावं लागतं.

लीद! काडेपेटी काढली, ताडून बघितलं. जुळत नाही. काचपंखीच्या थोराड अळीची गोळी मोठी, पिंपासारखी, उभ्या खाचांची. घरट्यातल्या गोळ्या तिच्या निम्म्याहून लहान आणि आकाराने गुळगुळीत. शिवाय घरटं एप्रिलातलं, त्या वेळी अनंतावर अळीच नव्हती, हे मला मे महिन्यातच सुचायला हवं होतं. सुंदर वाक्य गेलं.

१५ जुलै

दोन अळ्यांनी खाणं थांबवलं. पाठ जांभळट, मळकी झाली आणि बरणीत गोल गोल फेऱ्या. तळाला माती आणि वाळका पाला घातला होता, रात्रीतून त्यात शिरल्या. पाल्याची चार पानं धाग्यांनी जोडून आत कोष. फुलपाखरासारखा लटकता नाही, जमिनीलगत आडवा पडलेला.

२२ जुलै

चारपैकी एका कोषाशेजारी दोन तपकिरी दाणे. दाणे म्हणजे माशीचे कोष. माशीने अळीच्या अंगावर अंडी घातलेली असणार, तिची पिल्लं आतून खात वाढली. एप्रिलात भारद्वाज, जुलैत माशी. पक्ष्याचं घर बाहेरून फाटतं, अळीचं आतून.

३१ जुलै

आजची नोंद लांबणार आहे.

पहाटे सव्वापाचला पहिला कोष फुटला. मोबाइलच्या उजेडात मी आणि आई. आधी डोकं, मग ओलं, चुरगळलेलं अंग. पंख म्हणजे नुसत्या दोन भिजल्या चिंध्या. तो काडीवर चढला आणि उलटा लटकला. वीस मिनिटांत चिंध्यांचे पंख झाले, पण पारदर्शक नाहीत! करड्या, धुरकट भुकटीने भरलेले. मला वाटलं कोष बदलले, भलताच पतंग निघाला.

त्याच्या सोंडेकडे मी नेमकं याच वेळी बघायला हवं होतं, आणि सुदैवाने बघितलं. ती एक नळी नसते. नव्या पतंगाच्या तोंडाशी दोन वेगळे धागे असतात, प्रत्येकाला आतून पन्हळ. तो दोन्ही धागे पुन्हा पुन्हा गुंडाळतो, उलगडतो, आणि चेन लावावी तसे ते एकमेकांत अडकत जातात. दोन पन्हळींची एक नळी होते. ही जुळणी फसली तर तो जन्मभर उपाशी. आमच्याची जमली.

शिंजिराची जीभही नळीच, फक्त टोकाला दुभंगलेली. पण ती अंड्यातच घडवून मिळते. मध ओढायला पतंगाच्या डोक्यात स्नायूंचा पंप असतो. शिंजीरही जिभेच्या नळीतून मध चोखून घेतो, असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसलंय. म्हणजे सरबत पिण्याच्या दोन नळ्या, एक घरी जोडलेली, एक तयार घेतलेली.

पावणेआठला त्याने पंख थरथरवायला सुरुवात केली. उडत नव्हता, जागच्या जागी कापत होता, जवळजवळ दोन मिनिटं. उडण्याचे स्नायू थंड असताना चालत नाहीत, म्हणून पंख वर नेणारे आणि खाली आणणारे स्नायू एकदम आवळून तो छाती तापवतो. जुनी स्कूटर थंडीत चोक देऊन उभ्या उभ्या चालू ठेवायचो, तसं. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिश यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉक मॉथवर दाखवलं की उडताना छाती फार तापली तर पतंग ती उष्णता रक्तावाटे पोटाकडे पाठवतो. कीटक थंड रक्ताचे, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मी पंधरा वर्षं शिकवलं. शिंजिराचं अंग दिवसभर तापलेलं असतं, काचपंखीचं कामापुरतं, एवढाच फरक म्हणायचा.

आणि मग तो उडाला. उडता क्षणी त्याच्याभोवती करड्या भुकटीचा छोटा ढग झाला, दिवाळीत फुसका फटाका फुटावा तसा. तो खिडकीच्या गजावर बसला तेव्हा पंख काच झाले होते, कडेला फक्त तपकिरी किनार. बरणीच्या झाकणावर जी धूळ पडली होती ती भिंगाखाली पाहिली. खवले होते, एकेक सुटा.

फुलपाखरं आणि पतंग यांच्या सगळ्या गणाला नावच खवल्यांच्या पंखांवरून मिळालंय. बोटाला लागते ती भुकटी, रंग, नक्षी, सगळं त्या खवल्यांचं. आणि हा पहिल्याच उड्डाणात ते झटकून टाकतो.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अळीचं जर हे होत असेल, तर ह्याचा पुढे तो शिंजीर होतो असं कुणी सांगितलं तर मी नाही म्हणणार नाही."

बेट्सने ॲमेझॉनच्या लोकांची हीच समजूत नोंदवून ठेवली आहे. हॉक मॉथचा पुढे हमिंगबर्ड होतो. कारणही हेच : अळीचं फुलपाखरू होताना आम्ही पाहिलंय, मग पतंगाचा पक्षी होण्यात एवढं नवल काय? आईंनी बेट्सचं नावही ऐकलेलं नाही. मला वाटतं या समजुतीत अडाणीपणा नाही, निरीक्षणातून काढलेला तर्क आहे. फक्त एक पायरी जास्त चढलेला.

४ ऑगस्ट

दुसरा कोष रिकामा, मी झोपेत. तिसऱ्यातून निघालेल्याचा एक पंख उलगडलाच नाही. त्याला पेंटासवर ठेवला. दुपारी मुंग्या.

१८ ऑगस्ट

पावसाची उघडीप. हमेलियावर दोघं एकाच वेळी! ११ मिनिटं. हीच नोंद हवी होती.

शिंजीर (नर, अजून पूर्ण जांभळा) फुलोऱ्याच्या देठावर बसतो, मान वाकडी करतो, चोच घालतो, पुढचं फूल. पोचेना तर उलटा लटकतो. क्वचित हवेत थांबतो, एक-दोन सेकंद, लगेच कंटाळतो. काचपंखी एकदाही बसला नाही. सोंड पुढे, अंग स्थिर. वाऱ्याने फूल हललं की तोही तेवढाच हलतो, जणू दोघांमध्ये दोरी बांधलीय. मी एका मिनिटात मोजलेली फुलं : शिंजीर १४, काचपंखी ३३. दोनदा नर त्याच्या अंगावर धावून गेला. काचपंखी वीतभर सरकला आणि पुन्हा त्याच झुपक्याशी.

हमेलिया मूळचा अमेरिकेतला. तिथे त्याच्या या नारिंगी नळ्या हमिंगबर्ड धुंडाळतात. म्हणजे वाईच्या अंगणात एका अमेरिकन झाडाने हमिंगबर्डाची जागा मोकळी ठेवली, आणि त्या एका जागेवर आमचे दोन उमेदवार भांडतायत. मुलांच्या गफलतीत झाडाचाही थोडा हात आहे.

२० ऑगस्ट

परवाचा व्हिडिओ मंद गतीत, सेकंदाला २४० फ्रेम. काचपंखीची एक फडफड साडेतीन ते चार फ्रेममध्ये उरकते, म्हणजे सेकंदाला साठेक. एवढ्या थोड्या फ्रेममध्ये मोजणं म्हणजे धावत्या पंख्याची पाती मोजणं, त्यामुळे 'साठेक' याहून नेमकं लिहीत नाही. शिंजीर हवेत थांबला तेव्हा एका फडफडीला नऊ-दहा फ्रेम.

वेगापेक्षा पंखाच्या वाटेत जास्त फरक आहे. काचपंखीचा पंख पुढे-मागे आडवा जातो आणि प्रत्येक टोकाला उलटतो, म्हणून जाताना आणि येताना दोन्ही वेळा तो अंग तोलून धरतो. हमिंगबर्डचा खांदाही असाच फिरतो, परतीच्या फेरीत त्याला निम्मं नसलं तरी काही बळ मिळतं. शिंजिराला जवळपास सगळं बळ पंख खाली मारतानाच. देठ उपलब्ध असताना तो हवेत का ताटकळेल? बसण्यात त्याचा शहाणपणा आहे, आळस नाही. वर्गात उलटं सांगत होते, सोमवारी दुरुस्त करायचं.

आवाज : काचपंखीला कंठ नाही, जी गुणगुण येते ती पंखांची. शिंजिराचं गाणं स्वरयंत्रातून येतं, तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला आहे आणि या गटातली पिल्लं गाणं ऐकून शिकतात. मे महिन्यात उडालेल्या दोघांपैकी एक नर असेल तर त्याने ओसरीतलं बापाचं गाणं ऐकलेलं आहे. काचपंखीला कुणाकडून काही शिकायची सोय नाही.

८ सप्टेंबर

गणपतीची गडबड. नोंदी नाहीत. अनंताला तीन फुलं आली, ती बाप्पाला.

१५ सप्टेंबर

गेला आठवडाभर एक गोष्ट डोक्यात घोळतेय.

शिंजिराचा जांभळा रंग हा रंग नाही. सावलीत बसला की तो काळा दिसतो, ऊन पडलं की निळा, मान वळवली की जांभळा. त्याच्या पिसातलं रंगद्रव्य काळपट-तपकिरीच आहे, कुटून पाहिलं तर त्याच रंगाची भुकटी मिळेल. त्या द्रव्याचे सूक्ष्म कण पिसाच्या बारीक तंतूंत थर लावून रचलेले असतात, आणि थरांतून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून जांभळा उजळतात. चमक येते ती या रचनेतून.

काचपंखीच्या पंखांतही रचना आहे, उलट्या कामाची. खवले झडल्यावर उरलेल्या काचेवर घुमटासारखे उंचवटे दाटीने उभे असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. प्रकाशाच्या तरंगापेक्षाही ते लहान, त्यामुळे हवेतून पंखात शिरताना प्रकाशाला एकदम पायरी लागत नाही, उतार लागतो, आणि परावर्तन फारच कमी होतं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी याच जातीच्या, सेफोनोडिस हायलसच्या, पंखांवर हे दाखवलं. पतंगांच्या डोळ्यांवरही असेच उंचवटे असतात, आणि काचांची चकाकी घालवण्याच्या तंत्राला त्यावरूनच 'पतंगाचा डोळा' म्हणतात.

एकाच फुलावर दोघं. एक प्रकाश अडवून, फेकून म्हणतोय, मला बघा. दुसरा प्रकाशाला वाट करून देतोय, म्हणजे कुणी बघू नये. फुलासमोर दोघं सारखे दिसत होते ते चोच आणि सोंड यांच्यामुळे. मी फेब्रुवारीपासून तोंडाकडेच बघत बसले होते.

वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, तो आम्हाला कसा दिसला?" बरोबर आहे. शरीर हिरवं आहे, त्यावर तांबूस पट्टा आहे, ते दिसतंच. पण पंखांविना नुसतं हिरवं गोळाभर शरीर पानांमध्ये तरंगताना पक्ष्याला काय वाटत असेल, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिंजीर दोनदा त्याच्यावर धावला होता, म्हणजे त्याला तर दिसतोच.

२९ सप्टेंबर

शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "अहो, तुमचा तो हमिंगबर्ड आलाय!" गेले. एक्झोरावर भुंगा.

६ ऑक्टोबर

हमेलियावर अनोळखी शिंजीर. वरून मातकट-हिरवा, खालून पिवळा, पण हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ, कुणी शाईचं बोट ओढावं तशी. मादी नाही. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराचा नर चमकती पिसं टाकतो आणि काही महिने असा साधा राहतो, रेघ तेवढी उरते. आमचाच तो की दुसरा, सांगता येणार नाही, पायात ओळखीची रिंग नाही.

खवले टाकून काचपंखी कायमचा काच होतो. याला दरवर्षी टाकायचं आणि दरवर्षी परत घालायचं. लिहून ठेवते, पुढच्या हंगामात पिसं बदलण्याच्या तारखा पाहायच्या.

अनंतावर पुन्हा दोन अळ्या. आईंनी मला न सांगता त्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवलाय, चुकून कुणी तोडू नये म्हणून.

१० ऑक्टोबर

स्कूटरच्या आरशावरचा पायमोजा काढला. सात महिन्यांत त्याचा रंग गेला होता. चार सकाळी तिथे बसून पाहिलं. काळ्या रेघेचा नर रोज हमेलियावर येतो, आरशावरून जातो, एकदा आरशाच्या दांडीवर बसलाही. आत बघितलं नाही.